पाखरांना दाणा कधी, किती आणि कुठे?

पितृपंधरवड्यात आपण कावळ्याला हाका मारून मारून घास घालतो. एरवी तो कौलावर बसला की हुसकावतो, पण त्या पंधरा दिवसांत तो आला नाही तर घरातल्या आजीच्या जिवाला घोर लागतो. मग आश्विन येतो. कोकणात भाताच्या लोंब्या, आंब्याची पाने आणि झेंडूची फुले एकत्र करून दाराला 'नवे' बांधतात. देशावर बाजरीच्या चार-सहा कणसांची जुडी ओसरीच्या तुळईला टांगलेली दिसते. चिमण्या त्या जुडीला लटकून दाणे टिपतात आणि त्यांना कोणी हाकलत नाही. लेकरू जेवत नसले तर आई चिऊ-काऊचे नाव घेऊनच त्याला भरवते. तेव्हा शरदात पाखरांना दाणा घालणे ही शहरातल्या हौशी मंडळींनी काढलेली टूम नव्हे. ती आपल्या घरातली रीत आहे.

तरीही गावोगावच्या बैठकांत एक प्रश्न हमखास निघतो, आणि तो बहुधा बायकांच्या बाजूने येतो. "साहेब, ज्यांना दिवसभर गोफण घेऊन हाकलायचं, त्यांनाच घरी बोलावून दाणा घालायचा का?"

प्रश्न रास्त आहे. जोंधळा राखायला माळ्यावर बसून ज्या बाईचा घसा बसला, तिला पाखरांचे कौतुक सांगायचे म्हणजे जपूनच सांगायला हवे. पण पाखरू पाखरू सारखे नसते आणि महिना महिना सारखा नसतो. दाणा कुठे टाकला यावरही बरेच अवलंबून असते. या तीन गोष्टी नीट पाहिल्या, तर येत्या हरभऱ्याच्या हंगामात औषधाच्या खर्चातले काही पैसे वाचू शकतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

आश्विनात पाखरू उपाशी नसते

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. पावसाळा नुकताच उलटलेला असतो. बांधावरचे गवत दाण्याला आलेले असते, नाकतोडे उड्या मारत असतात आणि ओढ्याला पाणी असते. खळ्यावर बाजरी-उडीद येऊन पडलेला असतो. पाखराला याहून सुगीचा काळ नाही. त्याची खरी उपासमार होते ती फाल्गुनापासून पुढे, वैशाखात तर फारच. मग आश्विन-कार्तिकात दाणा-पाणी मांडायचे ते कशासाठी?

सवय लागावी म्हणून. याच दिवसांत पाखरांचे रोजचे फेरे ठरतात. पिलावळ मोठी होऊन घरट्याबाहेर पडलेली असते आणि जागा शोधत असते. उत्तरेकडून थंडीचे पाहुणे उतरू लागतात. शेपटी वरखाली हलवत पाणंदीतून तुरुतुरु चालणारा धोबी, ज्याला काही भागांत परीट म्हणतात, तो पाऊस ओसरला की दिसायला लागतोच. या सगळ्यांना तुमच्या वस्तीभोवती पाणी, आडोसा आणि बसायला जागा मिळाली तर ती तिथे रमतात. आणि जी पाखरे कार्तिकात तुमच्या वस्तीवर रमली, तीच मार्गशीर्षात तुमच्या हरभऱ्यात उतरतात.

म्हणूनच दाण्याच्या आधी मी पाण्याचे सांगतो. मातीचे पसरट परळ घ्या. खोल नको, दोन बोटे पाणी राहील एवढे पुरे. मधे एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे लहान पाखराला पाय टेकता येतो. परळ जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर ठेवा. जवळ झुडूप असावे, पण अगदी लगटून नसावे. चार-पाच हात मोकळी जागा सोडली नाही तर मांजराला दबा धरायला ती जागा फार सोयीची पडते. पाणी रोज बदला आणि परळ दोन दिवसांआड नारळाच्या काथ्याने घासा. यात आळस करू नका. पावसाळ्यानंतरचे हे दिवस डेंग्यूचे असतात आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात डासाची अळी आठवडाभरात तयार होते. पाखरांसाठी पाणी ठेवले आणि घरातले पोर तापाने पडले, असे होता कामा नये.

दाण्याने न येणारे पाखरू

आता शेताच्या कामाचे पाखरू कोणते ते पाहू. मला विचाराल तर पहिला मान कोतवालाला. काळाभोर, दुभंगलेल्या लांब शेपटीचा हा पक्षी तुम्ही म्हशीच्या पाठीवर किंवा विजेच्या तारेवर रोज पाहता. म्हैस चरताना गवतातून नाकतोडा उडाला की हा तारेवरून झेप घेतो, त्याला उचलतो आणि परत त्याच जागी येऊन बसतो. सांजवेळी इतर पाखरे झाडाला गेली तरी हा अंधार पडेपर्यंत उडते पतंग टिपत असतो. त्याच्या घरट्याच्या झाडाकडे कावळा, शिक्रा, घार कोणी फिरकले तर हा एवढासा पक्षी त्यांच्या पाठीवर तुटून पडतो. त्यामुळे होले, बुलबुल अशी गरीब पाखरे त्याच झाडावर निर्धास्त घरटी करतात. कोतवाल हे नाव कोणी ठेवले कोण जाणे, पण ते बरोबर ठेवले.

हा कोतवाल दाणा खात नाही. तुम्ही पायली भर जोंधळा ओतलात तरी तो वळून पाहणार नाही. त्याला हवी असते उंच, उघडी, चारी बाजूंनी नजर टाकता येईल अशी बैठक. वेडा राघू, चास म्हणजे आपला नीलकंठ, खाटीक, बांधावर टिवटिवणारा गप्पीदास, ही सारी याच जातकुळीतली. एका जागी बसून भक्ष्य हेरायचे, झेप घ्यायची, परत यायचे. आता तुमचे हरभऱ्याचे रान डोळ्यांपुढे आणा. बांधावरच्या बाभळी तोडलेल्या, तारेचे कुंपण दूर, मधे दोन-तीन एकर सपाट हिरवे पीक. कोतवालाने बसावे कुठे?

म्हणून पक्षीथांबे. हे काही मोठे यंत्र नव्हे. तुरीच्या पळकाट्या, बांबू, सुबाभळीच्या फांद्या, जे घरी असेल ते घ्या. इंग्रजी 'टी' अक्षरासारखी आडवी काठी वर बांधा. पिकाच्या वर दोन-तीन फूट राहील एवढी उंची ठेवा आणि एकरी वीस-पंचवीस थांबे रोवा. आडवी काठी अंगठ्याएवढ्या जाडीची असावी. फार जाड काठी लहान पाखराच्या पंजात मावत नाही आणि फार बारीक वाऱ्याने हलते. थांबे नुसते बांधाने लावू नका, पिकाच्या पोटात लावा. पुष्कळ ठिकाणी असे दिसते की साहेब पाहणीला येणार म्हणून रस्त्याच्या कडेने चार काठ्या उभ्या करतात. त्या काठ्यांवर साहेबांची नजर बसते, कोतवाल बसत नाही.

याहून सोपी युक्ती पेरणीतच करता येते. हरभरा पेरताना बियाण्यात मूठ-दोन मुठी जोंधळा मिसळा. हरभऱ्यात विरळ विरळ ताटे उभी राहतात आणि तेच जिवंत थांबे होतात. काठ्या रोवायला मजूर लागत नाही. शिवाय चार पेंढ्या वैरणही मिळते.

घाटेअळीचा पतंग रात्री फिरतो आणि कोवळ्या शेंड्यांवर, कळ्या-फुलांवर एकेक करून शेकड्याने अंडी घालतो. अळी लहान असताना पाला खरवडते, मोठी झाली की घाट्यात तोंड खुपसून अर्धे अंग बाहेर ठेवून दाणा खाते. एक अळी आपल्या आयुष्यात तीस-चाळीस घाटे पोखरते. हे अर्धे बाहेर राहिलेले अंगच पाखराला दिसते. साळुंक्या सरीतून चालत चालत अळ्या वेचतात, गायबगळे टोळीने उतरतात. पाणी देताना तर पाहत राहावे. वाफ्यात पाणी शिरले की जमिनीतल्या अळ्या-किडे वर येतात आणि बगळे पाण्याच्या धारेपुढे चालत राहतात. नांगरटीच्या वेळी हुमणीच्या पांढऱ्या अळ्या वेचायला नांगरामागून हेच बगळे आणि साळुंक्या येतात, हे तर तुम्ही लहानपणापासून पाहिले आहे. मक्यावर २०१८ साली आपल्या देशात प्रथम आढळलेली लष्करी अळी, तिच्यासाठीही मका लहान असताना थांबे लावावेत.

पण एक सांगून ठेवतो. केवळ पाखरांच्या भरवशावर हरभरा सोडून देऊ नका. पाखरू मोठी अळी पाहते, पोपटी रंगाची इवलीशी अळी त्याच्याही नजरेतून सुटते. म्हणून थांब्यांच्या जोडीला एकरी दोन कामगंध सापळे लावा, आणि कळी दिसू लागली की पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळायच्या आणि शंभर लिटर पाणी करायचे. नंतर सरीत बसून अळ्या मोजा. एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसू लागल्या किंवा शंभरातले पाच घाटे पोखरलेले आढळले, तरच रासायनिक औषधाचा विचार करा आणि तो आपल्या कृषी सहायकाला विचारून करा. शेजाऱ्याने पंप काढला म्हणून आपणही काढायचा, या रीतीने अळीबरोबर तिला खाणारेही जातात आणि पंधरा दिवसांनी दुसरा फवारा घ्यावा लागतो.

जीव घेणारा दाणा

आता जरा कडू विषयाकडे वळतो.

घाटावरच्या एका गावात रब्बीची पेरणी आटोपली होती. खोडमाशीसाठी औषध चोळलेले जोंधळ्याचे शेर-दीड शेर बियाणे पिशवीत उरले होते. घरच्या म्हातारीने विचार केला, हे दळायला चालायचे नाही, पाखरांच्या तरी मुखी लागू दे. तिने ते अंगणाच्या कडेला पसरून दिले. दुपारी कुंपणापाशी होले आणि चिमण्या पडलेल्या होत्या, आणि घरच्या चार कोंबड्या माना टाकून बसल्या होत्या. "गावात रोग शिरला" म्हणून मला निरोप आला. मी गेलो तेव्हा पिशवी अजून वळचणीला होती. आतले दाणे लालभडक होते. म्हातारीने दोन दिवस अन्न घेतले नाही. "पुण्याला गेले आणि पाप पदरात पडलं, बाबा," एवढेच ती म्हणत होती. तिचा काय दोष? पिशवीवरची सूचना इतक्या बारीक अक्षरात छापलेली की चष्मा लावूनही वाचता येऊ नये.

तेव्हा बीजप्रक्रिया केलेले बियाणे, ते लाल असो, निळे असो की बिनरंगाचे, कधीही पाखरांना, कोंबड्यांना किंवा जनावरांना घालू नका. उरलेले बियाणे घरापासून आणि विहिरीपासून दूर खड्डा घेऊन पुरून टाका. पेरतानाही सांडलेले दाणे मातीने झाकले आहेत ना, हे धुऱ्यावर, पाभर वळवण्याच्या जागी मुद्दाम पाहा. बियाणे तिथेच जास्त सांडते.

दाणेदार कीटकनाशकांचेही तसेच. पाखरू बारीक खडे गिळते, दाणे दळण्यासाठी त्याला पोटात खडे लागतात. जमिनीवर पडलेले दाणेदार औषध त्याला खडा किंवा बी वाटते. फोरेट हे याच प्रकारचे अत्यंत विषारी औषध ३१ डिसेंबर २०२० पासून आपल्या देशात बंद झाले आहे. कोणाच्या कोठीत जुनी पिशवी पडून असेल तर ती वापरू नका.

उंदराच्या विषाचीही गोष्ट सांगतो. झिंक फॉस्फाईडचे आमिष उघड्यावर, बांधावर, कागदावर ठेवू नये. वापरात असलेल्या बिळातच टाकून बिळाचे तोंड चिखलाने बंद करावे. सकाळी मेलेले उंदीर सापडले तर ते पुरावेत. गव्हाणी घुबड आणि कापशी घार यांचे मुख्य अन्नच उंदीर. विषाने मेलेला उंदीर त्यांच्या तोंडी जाऊ देऊ नये. गिधाडांचे काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. जनावरांना दुखण्यावर दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि आकाशातून गिधाडे दिसेनाशी झाली. जनावरांसाठी ते औषध २००६ साली बंद झाले, पण गेलेली गिधाडे अजून पुरती परतलेली नाहीत. ते औषध देताना कोणाच्या मनात तरी गिधाड होते का?

ओंजळभर, आणि तेही सकाळी

आता अंगणातल्या दाण्याचे. ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर घालावा, पण बेताने.

सकाळी उन्हे अंगणात आली की एक ओंजळ. तासाभरात संपेल एवढाच. बाजरी, जोंधळा, राळा, नाचणी, तांदळाची कणी चालते. पाखडताना निघालेले बारीक दाणे आणि गवताचे बी तर उत्तम, मुनिया आणि चिमण्या यांना तेच अधिक आवडते. ओल लागून बुरशी चढलेले धान्य किंवा काळे पडलेले शेंगदाणे घालू नका. बुरशीचे विष कोंबडीला बाधते तसे चिमणीलाही बाधते. दिवाळीचा उरलेला चिवडा, शेव, चकली हेही पाखरांना घालू नये. मीठ आणि तेल त्यांना मानवत नाही. पाव-बिस्किटाने पोट भरते, अंगी काही लागत नाही.

दाणा संध्याकाळपर्यंत अंगणात पडून राहिला तर रात्री त्याला उंदीर येतो. उंदरामागून कोण येतो ते शेतकऱ्याला सांगायला नको. ज्या अंगणात लेकरे खेळतात आणि उन्हाळ्यात माणसे बाजा टाकून निजतात, तिथे सापाला आमंत्रण देऊ नये. म्हणून सायंकाळी उरलेले झाडून घ्या. चिमण्यांसाठी कणसांची जुडीच सर्वांत चांगली. ती टांगलेली असते, ओली होत नाही, सांडते कमी आणि पारव्यांना तिच्यावर धड बसता येत नाही. पारव्यांचा थवा एकदा का जमला की तो बाकी कोणाला जवळ येऊ देत नाही. मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून २०२५ साली केवढा वाद झाला, ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलेच असेल. पारव्यांच्या सुकलेल्या विष्ठेच्या धुळीने दमेकऱ्यांना आणि फुप्फुसाचा विकार असलेल्यांना त्रास होतो, ही गोष्ट खरी आहे.

घरी कोंबड्या असतील तर आणखी एक पथ्य पाळा. रानपाखरांचे दाणापाणी कोंबड्यांच्या खुराड्यापासून लांब, घराच्या दुसऱ्या अंगाला ठेवा. कोंबड्यांचे खाद्य झाकून ठेवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि तिथल्या पोल्ट्रीवाल्यांचे कंबरडे मोडले. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात पुन्हा तो दिसला. घाबरून पाणी ठेवणे बंद करण्याचे कारण नाही, परंतु एकाच जागी अनेक पाखरे मरून पडलेली दिसली तर हात लावू नका, मुलांना दूर ठेवा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा.

परसात काय लावावे

खरे पाहता ओंजळभर दाण्यापेक्षा परसातले चार वेल आणि दोन झाडे पाखरांना अधिक उपयोगी पडतात, आणि त्यांना रोज उठून काही घालावे लागत नाही. कुंपणावर तोंडलीचा वेल असेल तर शेंड्याची काही फळे पिकून लाल होऊ द्या. बुलबुल ती फोडून खातो. कारले पिकून उकलले की आतल्या लाल गराच्या बियाही तो टिपतो. मिरचीचे एक-दोन ताटे न तोडता ठेवले तर गंमत पाहायला मिळेल. पिकलेली लाल मिरची पाखरू मजेत खाते, कारण मिरचीचा तिखटपणा पाखरांच्या जिभेला जाणवतच नाही. जास्वंदीवर आणि केळफुलावर शिंजीर येतात. कोणी त्यांना सूर्यपक्षी म्हणतात. इवलेसे, चकचकीत निळे-जांभळे, बाकदार चोचीचे. ते मध पितात, आणि पिलांसाठी कोळी-किडेही वेचतात. पपईचे एक झाड असेल तर वरचे एक फळ पाखरांच्या नावाने सोडा.

बांधाला जागा असेल तर उंबर लावा. उंबर, वड, पिंपळ यांची फळे पिकली की हरियाल, तांबट, कोकीळ, बुलबुल, साळुंक्या अशी सारी पंगत बसते. हरियाल म्हणजे पिवळ्या पायांचा हिरवा रानपारवा, आपल्या राज्याचा पक्षी. तो पानांत असा मिसळतो की झाडाखाली उभे राहून वर पाहिले तरी दिसत नाही. फळे टपटप पडताना ऐकू येतात, त्यावरून तो आहे हे कळते. विहिरीजवळ मात्र उंबर-पिंपळ लावू नका, मुळे विहिरीचे बांधकाम फोडतात. बांधावरची एखादी बाभूळ आणि बोर राहू द्या. काटेरी झाडात घरट्याला संरक्षण मिळते आणि बोरे पोरांनाही मिळतात. घाणेरी मात्र फुले सुंदर दिसतात म्हणून आणू नका. बुलबुल तिची फळे खाऊन बी रानभर करतो आणि मग कुरण हातचे जाते.

विहिरीवर लोंबणारी सुगरणीची जुनी खोपी काढू नका, आणि मुलांनाही शोभेसाठी काढू देऊ नका. पावसाळ्यात विणलेली ही घरटी आता रिकामी दिसतात, पण मुनिया रात्री त्यांच्या आश्रयाला येतात. या सुगरणीचा अभ्यास डॉ. सालिम अली यांनी १९३० साली आपल्या अलिबागजवळच्या किहीमला केला होता. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच पुढचे विणकाम होते, आणि एका नराची अशी दोन-तीन बिऱ्हाडे असतात, हे त्यांनी झाडाखाली बसून टिपून ठेवले. त्यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर, आणि पक्षिकोशाचे कर्ते, वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर. या दोन तारखांमधले दिवस २०२० सालापासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळले जातात. दिवाळीच्या सुट्टीच्या आसपासच हा आठवडा येतो. घरातल्या मुलांना एक वही द्या आणि रोज सकाळी परळावर कोणकोणते पाखरू आले ते लिहायला सांगा. नावे आजी-आजोबांना विचारू द्या. पुस्तकात नसलेली नावे त्यांना ठाऊक असतात.

त्रासदायक पाहुणे

पोपट आणि भोरड्या यांच्याबद्दल गप्प बसलो तर माळ्यावर बसणारी बाई मला माफ करणार नाही.

पोपट मक्याचे कणीस, सूर्यफूल आणि पेरू यांची फार नासाडी करतो. खातो थोडे, कुरतडून टाकतो जास्त. म्हणून पेरूची बाग किंवा सूर्यफूल असेल त्यांनी अंगणात सूर्यफुलाचे बी किंवा शेंगदाणे घालण्याच्या फंदात पडू नये. पेरूला फळे सुपारीपेक्षा मोठी झाली की पिशव्या घालाव्यात. सूर्यफुलावर चमकती फीत ताणून बांधली तर काही दिवस उपयोग होतो, मग पाखरे तिला सरावतात, तेव्हा फीत दाणे भरण्याच्या दिवसांतच लावा. बागेवर नायलॉनची बारीक जाळी सैल टाकू नका. तिच्यात पोपट अडकतो तसा घुबडही अडकतो, सापही अडकतो. आणि पोपट पकडून पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगून ठेवतो.

भोरडी, म्हणजे पळसमैना, ही दूर मध्य आशियातून येते. तिकडे उन्हाळ्यात टोळ-नाकतोड्यांवर पिले वाढवते आणि पावसाळ्याच्या मध्यापासून आपल्याकडे उतरू लागते. रब्बी जोंधळा चिकात आला की तिचे ढगासारखे थवे येतात. हिच्यापुढे युक्ती फारशी चालत नाही, गोफण आणि डबाच चालतो. पण कणसात दाणा धरेपर्यंत तीच भोरडी रानातले किडे खात असते, म्हणून आधीपासून तिच्यामागे लागू नये. गावाने जोंधळ्याची पेरणी एकाच आठवड्यात उरकली तर सगळ्यांची कणसे एकदम येतात आणि नुकसान वाटले जाते. मागे राहिलेल्या एकट्या तुकड्यावर सारा थवा तुटून पडतो, हा अनुभव तुमचाही असेल.

चिमणीबद्दल थोडे. कौलारू घरे गेली, स्लॅबची आली, वळचण गेली. धान्य निवडणे-पाखडणे अंगणातून गिरणीत आणि दुकानात गेले. चिमणी स्वतः दाणा खात असली तरी पिलाला पहिले काही दिवस किडे-अळ्याच भरवते, त्यामुळे औषधे मारलेल्या परसात तिची पिले जगत नाहीत. घरी फळकुटे असतील तर वीतभर लांब-रुंद खोके करा, पुढे सव्वा इंच व्यासाचे भोक पाडा आणि पडवीत आठ-दहा फूट उंचीवर, पश्चिमेचे ऊन आणि पावसाची झड लागणार नाही अशा जागी ठोका. भोकाखाली बसायला काडी लावू नका, चिमणीला ती लागत नाही आणि कावळ्याला मात्र उपयोगी पडते. खोक्यात लगेच कोणी आले नाही तर काढून टाकू नका. एक-दोन हंगाम थांबा.

राहिले हरभऱ्यातले थांबे. रात्री त्यांच्यावर पिंगळा आणि गव्हाणी घुबड बसते, म्हणून दिवस मावळला की ते उपटून आणायचे नाहीत. घाटे पक्व होऊ लागले, पाने पिवळी पडू लागली की मात्र थांबे काढून घ्या, नाहीतर पोपट-पारव्यांची सोय होते. जोंधळ्यात तर कणीस बाहेर पडण्याआधीच काढा. काठ्या जुडी करून गोठ्याच्या माळ्यावर कोरड्यात ठेवा, वाळवी लागली नाही तर पुढच्या खरिपात तुरीला त्याच चालतील.